अवकाळी वादळं-गारपीट टिपायला नवी बोलेरो घेतली, यवतमाळ-वाशीमकडे फिरणार. गाडीत आधी काय बसवू?

आधी टायर! खोल नक्षीचे घ्या, सोबत टोचन दोर आणि फावडं. तरीही ढग भरून आले की डांबरी रस्ता सोडू नका; आपल्या काळ्या मातीत ओल्या पांदणीवर भलीभली गाडी रुतते आणि मग वादळ तुमच्या मागे लागतं.

मोबाइलचा पक्का स्टँड, चार्जर हवाच. हवामान खात्याच्या साइटवर नागपूरच्या डॉप्लर रडारचं (पावसाचे ढग कुठे आहेत ते दाखवणारं) चित्र दिसतं, विजांसाठी 'दामिनी' ॲप. रेंज जाते, नकाशे आधीच डाउनलोड करा.

काचेवर टाकायला जाड गोधडी ठेवा, पण ती गारा सुरू व्हायच्या आधीच अंथरा. वीज कडाडताना काचा लावून आतच बसा, पत्र्याला हात टेकवू नका. निंबाखाली गाडी लावणं तर कटाक्षाने टाळा, फांदी सरळ टपावर येते.