जुना ब्लॉग पुसू नकोस, भाऊ

तू जुना ब्लॉग पुसायचं म्हणतोयस. पण त्यातला कानबाईच्या, म्हणजे आपल्या खानदेशातल्या देवीच्या, नैवेद्याच्या रोटांवरचा तुझा लेख वाचला. सव्वा मूठ गव्हाच्या मापापासून सगळं आलंय त्यात. असं बारकाईनं लिहिणारे आपल्या जळगाव-धुळ्याकडे थोडेच, म्हणून कळकळीनं सांगतोय.

आधी बॅकअप घे. ब्लॉगरच्या (तुझा ब्लॉग जिथे आहे त्या गूगलच्या सेवेच्या) सेटिंगमधून सगळ्या पोस्ट आणि प्रतिक्रिया फाइलीत उतरवता येतात. फोटो वेगळे जपून ठेव.

मग एकेक लेख उघड. बंद पडलेल्या लिंका काढ. ‘आठवणी, भाग २’ असं शीर्षक कोण शोधणार? ‘कानबाईचे रोट कसे करतात’ असं लिहिलंस की नाशिक-पुण्याला गेलेली आपली माणसं थेट तुझ्याकडे येतील. शीर्षक बदल, पण पोस्टचा पत्ता तोच राहू दे. नाहीतर लोकांनी आधी पाठवलेल्या लिंका तुटतात. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही फोनवर वाचता येईल अशा लिपीत, आण, अहिराणी लेखांना वेगळं लेबल दे.

कुठे टाकायचं? सोशल मीडियाच्या साइट कायम टिकतात असं नाही: ऑर्कुट २०१४ मध्ये बंद झालं, गूगल प्लस २०१९ मध्ये. फेसबुकवर वाचक पटकन भेटतात, पण महिन्याभरानं तोच लेख शोधताना नाकी नऊ येतात. व्हॉट्सॲपवर तर लेखकाचं नाव गळून लेख गावभर फिरतो, हे मला फार लागतं. म्हणून पूर्ण लेख ब्लॉगवरच ठेव. बाकी ठिकाणी पहिला परिच्छेद आणि लिंक. इन्स्टाग्रामच्या कॅप्शनमधली लिंक उघडत नाही, तिथे रोटांचा फोटो टाक आणि लिंक प्रोफाइलमध्ये दे.

पुढे स्वतःचं डोमेन, म्हणजे स्वतःच्या नावाचा वेब पत्ता, घेतलंस तर ब्लॉगरलाच जोड. जुन्या पत्त्यावर येणारे वाचक आपोआप नव्यावर पोचतात.