मुसळी शोधायला निघालात? कुदळ घरीच ठेवा

वनौषधींची आवड लागली, छान झालं. पहिलं वर्ष मात्र फक्त बघण्यात घालवा. एकच झाड कोवळं, फुललेलं, फळावर आलेलं आणि वाळलेलं असं चारही रूपांत ओळखता आलं पाहिजे.

नवखे हमखास चुकतात ते मुळांपाशी. औषधी मुळांसाठी खणली जाणारी सफेद मुसळीच घ्या (हिच्या शास्त्रीय नावात, क्लोरोफायटम बोरिविलियानममध्ये, आपलं बोरिवली आहे!). पावसाळ्यात फुलली की ती नजरेत भरते आणि लोक तेव्हाच उपटतात. बी पडायच्या आत मुळं गेली की पुढच्या पावसाची रोपंही गेली. हवीच असेल तर शेतात लावलेली घ्या.

आणखी दोन गोष्टी:
- खोडाची साल गोल सोलू नका, झाड उभ्या उभ्या वाळतं. सीतेच्या अशोकाचे असेच हाल झालेत. सोसायटीच्या दारातला उंच, सरळसोट ‘अशोक’ हा तो नव्हेच, बरं का.
- अभयारण्यात परवानगीशिवाय काहीही तोडणं गुन्हा आहे.

सुरुवात गुळवेलीने करा. ओळखीच्यांकडच्या वेलीचं बोटभर जाडीचं कांडं आणून कुंडीत खोचा. काढे-चूर्णांचं नंतर बोलू.