पुण्यात कुत्र्याला घेऊन फिरायला कुठे जाता येईल?

तुम्ही नागपूरहून कोथरूडला राहायला आलात, सोबत दोन वर्षांचा लॅब्रॅडोर आहे आणि जवळच्या बागेतून रखवालदाराने दारातूनच परत पाठवलं, असं प्रश्नात लिहिलंय. ते तसंच होणार. महापालिकेच्या बहुतेक बागांच्या दारावर कुत्र्यांना मनाई असल्याची पाटी असते, आणि पुण्यात पाटीशी वाद घालून कोणी जिंकल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही. आता तुम्हाला बरेच जण कॅफेंची नावं सांगतील. मी टेकडीवर जा म्हणेन. कुत्र्यासाठी या शहरात टेकडीच्या तोडीचं दुसरं काही नाही. अट एकच, उजाडता उजाडता घराबाहेर पडायचं.

कोथरूडकरांना वेताळ टेकडी हाकेच्या अंतरावर. पौड रस्त्याकडून एआरएआय या वाहन संशोधन संस्थेच्या बाजूने चढा, लॉ कॉलेज रस्त्याकडून चढा, नाहीतर पलीकडून पाषाणच्या पंचवटीतून या. समुद्रसपाटीपासून साधारण ८०० मीटर, म्हणजे शहरातल्या सगळ्यात उंच जागांपैकी एक. वर ऐसपैस सपाटी, मातीच्या वाटा, वेताळाचं देऊळ, दगडाची जुनी खाण आणि वनखात्याने लावलेली गिरिपुष्पाची झाडं. लॅब्रॅडोरला पाय मोकळे करण्याइतकंच नाकाला काम लागतं, आणि ते इथे भरपूर मिळतं. अर्धा तास मनासारखं हुंगू दिलं की घरी येऊन कसा आडवा होतो ते बघाच. एप्रिल-मे महिन्यात मात्र आठच्या आत खाली उतरा. पुण्याचा पारा त्या दिवसांत चाळिशीला टेकतो, आणि परतीच्या डांबरावर तुम्ही चपलेत असता, तो नसतो. तळहाताची मागची बाजू रस्त्यावर पाच-सात सेकंद टेकवून बघा. तुम्हाला सोसवली नाही तर त्यालाही सोसणार नाही.

वर पोचल्यावर लीश सोडायचा मोह होतो. सोडू नका. टेकडीवर मोर आहेत. मोर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत येतो, आणि लॅब्रॅडोर कितीही गरीब असला तरी मोर धावला की त्याच्यामागे पळणारच. ‘माझा काही करत नाही हो’ हे वाक्य टेकडीवर रोज ऐकू येतं, आणि ते नेहमी कुत्रा समोरच्याच्या अंगावर गेल्यानंतर ऐकू येतं. सत्तरीतल्या आजींना तो प्रेमाने जरी धडकला, तरी त्या पडणारच. कायद्याचं म्हणाल, तर आपल्या जनावरापासून माणसाच्या जिवाला धोका किंवा गंभीर इजा होऊ नये याची काळजी न घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली गुन्हा आहे: सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. चार-पाच मीटरची लांब दोरी घ्या, त्याला मोकळं वाटतं आणि सगळे निर्धास्त राहतात. शी उचलायला पिशव्या खिशात असू द्या. नसल्या तर कोणीतरी काका थांबवून बोलतील, आणि त्यांचं बरोबरच असेल.

आता कुसळाबद्दल, कारण हे कोणी आधी सांगत नाही. पाऊस संपून गवत वाळलं की टेकडीभर कुसळं होतात. त्यांचं टोक भाल्यासारखं आणि त्यावरचे केस उलटे, त्यामुळे एकदा घुसलेलं कुसळ पुढेच सरकतं, मागे येत नाही. बोटांच्या बेचक्यात, कानात, नाकात, कुठेही जातं. दिवाळीच्या आसपासपासून घरी आल्यावर चारही पंजे बोटं फाकवून बघायचे, कान उलटून बघायचे. एकच कान सारखा झटकत असेल, एकच पंजा चाटत बसला असेल किंवा अचानक शिंकांचा सपाटा सुरू झाला असेल, तर घरी चिमटा घेऊन खटपट करू नका, डॉक्टरांकडे न्या. त्याच वेळी गोचिडीही शोधा. गोचिडीतून येणारा ताप कुत्र्याला पार झोपवतो, आणि पावसाळ्यात गोचिडी जास्त. औषध कोणतं आणि किती दिवसांनी, ते डॉक्टरांना वजन सांगून ठरवा.

खाणीतल्या पाण्याकडे तुमचा लॅब्रॅडोर धाव घेणार, ती जातच पाणवेडी. पण साचलेलं पाणी पिऊ देऊ नका, त्यात उतरू तर मुळीच देऊ नका. उंदराच्या मुतातून पसरणारा लेप्टो हा आजार अशा पाण्यातूनच येतो. लेप्टोची आणि रेबीजची लस वेळच्या वेळी झालीय ना, हे टेकडीच्या आधी तपासा. पाण्याची बाटली आणि वाटी घरून न्या.

टेकडीच्या पायथ्याशी भटकी कुत्री असतात, नव्या माणसांची खरी अडचण तिथेच होते. ती त्यांची हद्द आहे, तुमचा कुत्रा पाहुणा. भुंकत आली तर पळू नका, दगड उचलू नका, लीश आखूड धरून बाजूने शांतपणे निघा. रोज एकाच वेळी एकाच वाटेने गेलात तर काही दिवसांत ती ओळखू लागतात आणि मान वर करून बघण्यापलीकडे काही करत नाहीत.

बाकीच्या जागा थोडक्यात. तळजाई टेकडीही छान आहे, पण तिथे वनखात्याचं कुंपण आहे, दारावरची पाटी वाचूनच आत जा. बाणेर-पाषाणची टेकडी कोथरूडहून मुद्दाम जाण्याइतकी वेगळी नाही. पाषाण तलाव मी टाळते, हिवाळ्यात तिथे पाहुणे पक्षी उतरतात आणि कुत्र्याच्या नुसत्या वावरानेही थवे उठतात. खडकवासला धरणावर रविवारी संध्याकाळी जाणं म्हणजे कणसांचा धूर, गाड्यांचे हॉर्न आणि भेदरलेला कुत्रा. शिवाय ते पाणी शहर पितं, त्यात कुत्रा पोहायला सोडू नये. सपाटीवर चालायचं असेल तर रविवारी भल्या पहाटे कोरेगाव पार्कच्या वडांच्या गल्ल्या गाठा. सावली दाट आणि त्या वेळी गाड्या नसतात. रिक्षावाल्याला आधी विचारून सीटवर जुनी चादर टाकलीत की सहसा कोणी नाही म्हणत नाही.

मुळशी, सिंहगडाच्या बाजूला शेतघर घेऊन राहायचा बेत असेल, तर एक लक्षात ठेवा. तो बिबट्यांचा मुलूख आहे. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेया यांच्या गटाने अकोले तालुक्यात बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास केला, तेव्हा त्यांच्या खाण्यात वजनाच्या हिशेबाने सगळ्यात मोठा वाटा पाळीव-भटक्या कुत्र्यांचा निघाला, ३९ टक्के. दिवसा खुशाल हुंदडू द्या, पण अंधार पडला की कुत्रा घरात. ओसरीवर बांधून तर मुळीच ठेवू नका.

कॅफेंना माझा विरोध नाही. कोरेगाव पार्क, कल्याणीनगर, बाणेर भागांत अंगणात टेबलं मांडलेली बरीच ठिकाणं कुत्र्यांना येऊ देतात. ‘येऊ देतो’ म्हणजे बहुतेक वेळा फक्त बाहेरच्या टेबलावर, म्हणून फोन करूनच निघा आणि आठवड्याच्या मधल्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास जा. पण प्रामाणिकपणे सांगायचं तर त्यात मजा आपली असते. नाकासमोर तंदुरीचा वास आणि हुकूम ‘बस’, यात लॅब्रॅडोरला काय मिळतं? कौतुकाने कोणी हाड किंवा कांद्याचं काही पुढे केलं तर आधीच नको म्हणा. कांदा कुत्र्यांना विषासारखा बाधतो.

त्यापेक्षा पैसे देऊन जायचंच असेल, तर शहराच्या कडेला कुत्र्यांसाठी कुंपण घातलेली मैदानं आणि पोहण्याचे हौद झालेत, तिथे न्या. आत सोडण्याआधी ते तुमच्याकडे लसीकरणाचं पुस्तक मागतात का, हे बघा. मागत नसतील तर इतर कुत्र्यांचंही तपासलेलं नाही, तिथून परत फिरा. पोहून झाल्यावर कान आतून कोरडे करा. लॅब्रॅडोरचे कान लोंबते, ओल राहिली की दुखणं ठरलेलं.

आणि तुम्ही पुण्यात नवे म्हणून एक सांगते. गणपतीच्या कितीतरी आठवडे आधीपासून संध्याकाळी नदीपात्रात ढोलपथकांचा सराव सुरू होतो. त्या दिवसांत म्हात्रे पुलाच्या आसपास त्याला घेऊन फिरकू नका, आणि गळ्यातल्या पट्ट्यावर तुमचा फोन नंबर आत्ताच कोरून घ्या. बिथरलेला कुत्रा अनोळखी भागात हात सोडवून पळाला, तर तो नंबरच कामी येतो.