जुन्या पिकअपच्या केबिनमधला लाईट फार मंद आहे. एलईडी लावू की अख्खी वायरिंग बदलू?

भाऊ, बारा-तेरा वर्षं जुनी गाडी, छतावरचा लाईट मिणमिणतो आणि मेकॅनिक वायरिंग बदलायला सांगतोय, असं तुम्ही लिहिलंय. इतक्यात पैसे घालू नका. आधी अर्थिंग बघा, म्हणजे बल्बची मायनस वायर गाडीच्या पत्र्याला जिथे जोडलेली असते तो जोड.

मी हिंगणघाटला कापूस नेतो. दिवाळीनंतर रात्रीच गाडी भरून रांगेत लावावी लागते आणि काट्याची पावती केबिनमध्येच वाचावी लागते. माझ्या पिकअपमध्ये ती वाचताच येत नसे, मोबाईलचा टॉर्च लावावा लागे. एकदा मल्टीमीटर लावून बघितलं. बॅटरीवर 12.6 व्होल्ट आणि बल्बच्या दोन टोकांवर जेमतेम साडेनऊ! तारेच्या बल्बला एवढं कमी व्होल्टेज मिळालं की उजेड निम्म्याच्याही खाली जातो. कव्हर काढलं तर काळ्या अर्थ वायरचं थिंबल (वायरच्या टोकाची धातूची कडी) जिथे छताच्या पत्र्याला कसलं होतं, तिथे तांबडा गंज आणि वर धुळीचा थर. स्क्रू काढला, पत्रा चकचकीत होईस्तोवर पॉलिश पेपरने घासला, नवं थिंबल दाबून कसलं, वरून थोडं व्हॅसलिन फासलं. बल्ब तोच ठेवला, तरी पावतीवरचे क्विंटल-किलो सरळ दिसायला लागले.

तुमचा दोष कुठे आहे हे असं ओळखा. लाईटचं बटण 'चालू'वर ठेवलं की उजेड चांगला आणि दार उघडल्यावर मंद, तर दाराच्या खांबातला दट्ट्याचा स्विच खराब आहे. तो काढून घासा. दोन्हीकडे मंद असेल तर होल्डर आणि अर्थ तपासा. हात घालण्याआधी फ्यूज मात्र काढाच, कारण चावी बंद असली तरी या लाईटच्या वायरीत करंट असतो.

हे झाल्यावर एलईडी जरूर लावा. आधीच लावली तर ती इतका कमी करंट घेते की खराब अर्थवरही बरी पेटते, आणि गंज आत तसाच राहतो. दोन्ही टोकांना टोप्या असलेला नळीसारखा बल्ब असेल तर त्याची लांबी मोजून न्या. 31, 36, 41 मिलिमीटर असे प्रकार मिळतात, नुसतं बघून आणलेला बसत नाही. बसवून पेटला नाही तर उलटा लावून बघा, एलईडीला प्लस-मायनस असतं. गाडी चालू असताना व्होल्टेज 14 च्या वर जातं, म्हणून अगदी स्वस्तातली घेऊ नका, लवकर उडते. रंग पिवळसर घ्या, 3000 केल्विनच्या आसपास (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप). निळसर पांढऱ्या उजेडात पावती वाचून अंधाऱ्या रस्त्याला लागलं की पुढचं काही वेळ नीट दिसत नाही, आणि आपल्याकडे रात्री बिनालाईटच्या बैलगाड्या असतात. डॅशबोर्डचे छोटे बल्बही बदलता येतात, पण मीटर उघडावं लागतं. ते काम ऑटो इलेक्ट्रिकवाल्याकडूनच करून घ्या.

आता डाल्यातल्या, म्हणजे मागच्या माल भरायच्या भागातल्या लाईटचं. तुम्हाला तिथे पट्टी लावायची आहे, पण कापूस भरत असाल तर डाल्याच्या आत वायर नेऊच नका. घासलेल्या वायरीची एक ठिणगी पुरते; पेटलेला कापूस वरून विझल्यासारखा दिसतो आणि आत धुमसत राहतो. केबिनच्या मागच्या भिंतीवर, मालाच्या वर, बंद कव्हरचा छोटा लाईट लावा. त्याला वेगळं बटण द्या, आणि 5 अँपिअरचा फिकट तपकिरी फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरातच बसवा. फ्यूज लाईटजवळ लावला तर बॅटरीपासून तिथपर्यंतच्या वायरला फ्यूजचं संरक्षणच राहत नाही. पत्र्यातून वायर जाते तिथे रबरी वायसर हवाच. माझ्याकडे तो नव्हता आणि एका हंगामात वायरीचं प्लास्टिक तांब्यापर्यंत घासलं गेलं होतं.