हात चुकला, की लाइट?

कारागिरांचे प्रश्न

प्रश्न : कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात माझं मोटार वायंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटारीत तारेच्या कॉइल नव्यानं भरायचं, दुकान आहे, चौदा वर्षं झाली. यंदा एप्रिल-मेमध्ये शेतीपंपाच्या तीन मोटारी महिन्याभरात जळून परत आल्या. चारचौघांत एक गिऱ्हाईक म्हणालं, 'तुझ्या हातात आता काय राहिलं न्हाई.' तेव्हापासून कॉइल भरताना हात थांबतो. कनेक्शन चार-चार वेळा तपासतो, तरी रात्री वाटतं चुकलंच असणार. दहा एचपीच्या वरची कामं आता परत पाठवतोय.
– एक वायंडर

उत्तर : तीन मोटारी परत आल्या हे तुम्ही लिहिलंत, पण जळालेलं वायंडिंग कसं दिसत होतं, हे पत्रात कुठंच नाही. सगळं उत्तर तिथं आहे. यापुढे परत आलेली मोटार खोलली की कॉइल तोडायच्या आधी मोबाइलवर दोन्ही बाजूंचे फोटो घ्या. गिऱ्हाईक ओरडत असलं तरी घ्या.

स्टार जोडणीत दोन फेजच्या कॉइल काळ्या आणि तिसरी कोरी, किंवा डेल्टा जोडणीत एकाच फेजच्या काळ्या आणि बाकीच्या दोन चांगल्या, तर ते सिंगल फेजिंग, म्हणजे तीनपैकी एक फेज गेली तरी मोटार चालत राहिली. फ्यूज गेला, स्टार्टरचा कॉन्टॅक्ट जळाला किंवा लाइनची एक तार तुटली. तिन्ही फेज सारख्याच करपल्या असतील तर लोड जास्त, व्होल्टेज कमी किंवा पंप अडकलेला. हे बहुधा तुमच्या हातचं नव्हे. पण स्लॉटच्या, म्हणजे कॉइल बसते त्या खाचेच्या, तोंडाशी एकाच जागी बॉडीला शॉर्ट लागून ठिपका पडला असेल, तर खाचेतला इन्सुलेशनचा कागद, म्हणजे स्लॉट पेपर, कापला गेला असण्याची शक्यता मोठी, आणि ती चूक आपली मानायची. एकाच कॉइलचे थोडे वेढे जळाले असतील, तर तार सरकवताना इनॅमल खरवडलं का, वॉर्निश आतपर्यंत पोचलं का, हे बघा. एवढी छाननी केल्यावर तिन्हींतली एखादी तुमची निघेल, कदाचित एकही नाही. एक निघाली तर ती एकच दुरुस्त करायची असते. चौदा वर्षांचा हात नव्हे.

एप्रिल-मे या महिन्यांकडेही बघा. उन्हाळ्यात लाइनवर भार वाढतो आणि तिन्ही फेजचं व्होल्टेज सारखं राहत नाही. समजा 410, 400 आणि 380 मिळतंय. सरासरी 397, सर्वांत लांबचा आकडा 17 व्होल्टनं कमी, म्हणजे असमतोल चार टक्क्यांच्या थोडा वर. ढोबळ नियम असा की टक्केवारीचा वर्ग करून दुप्पट करा, तेवढे टक्के वायंडिंगची गरमी वाढते. इथं ती तीस-पस्तीस टक्के होते. उत्तम भरलेली मोटारसुद्धा हे फार दिवस सोसत नाही.

दोष लाइटचा की मोटारीचा, हे जागेवर ठरवायची युक्ती साधी आहे. टोंग टेस्टरनं (तारेभोवती चिमट्यासारखा धरायचा मीटर) तिन्ही फेजचे अँपिअर मोजून लिहा. सप्लाय बंद करून तिन्ही वायरी एकेक टर्मिनल पुढे सरकवा. तिन्ही एकदम सरकवल्यानं फिरण्याची दिशा बदलत नाही. पुन्हा मोजा. जास्तीचा अँपिअर लाइनच्या त्याच तारेवर राहिला, तर दोष सप्लायचा. मोटारीच्या त्याच टर्मिनलवर राहिला, तर मोटारीचा. हे शेतकऱ्याच्या डोळ्यांदेखत करा. 'वायंडिंग बरोबर आहे' असं दहा वेळा सांगण्यापेक्षा त्याला हे पटतं, आणि तुम्हालाही.

आणखी एक शक्यता लोक विसरतात. तीन-चार वेळा रिवायंड झालेली मोटार, जुनी तार काढताना टॉर्चनं भाजलेली. कोअर (कॉइल बसतात तो पत्र्यांचा गाभा) 360-370 अंशांच्या वर गेला की पत्र्यांमधलं इन्सुलेशन जातं आणि मोटार नो-लोडला, म्हणजे पंप न जोडता फिरवली, तरी तापते. अशा कोअरवर कितीही मन लावून काम करा, ती परत येणारच. घेतानाच सांगा, गॅरंटी देऊ नका.

आता चार-चार वेळा तपासण्याबद्दल. तीच गोष्ट पुनःपुन्हा तपासली की पहिल्यांदा काय पाहिलं, याची आठवणच धूसर होते आणि शंका वाढते. म्हणून एकदाच तपासायचं, पण लिहून. प्रत्येक मोटारीला एक कार्ड : स्लॉट, वेढे, तारेचा गेज, पिच, जोडणी, तिन्ही फेजचा रेझिस्टन्स (तिघांत दोन-तीन टक्क्यांपेक्षा जास्त फरक नको), 500 व्होल्टच्या मेगरनं (इन्सुलेशन मोजायचं यंत्र) एक मिनिट धरून घेतलेलं रीडिंग, नो-लोड अँपिअर आणि त्या वेळचं व्होल्टेज. मेगर पाच मेगओहमच्या खाली असेल तर मोटार दुकानाबाहेर जाऊ देऊ नका. वॉर्निश लावून भट्टीत नीट सुकवलेलं नवं वायंडिंग शंभरच्या पुढे दाखवतं. कार्डवर सही केली की विषय संपला. रात्री शंका आली तर मोटार आठवायची नाही, कार्ड उघडायचं.

दहा एचपीच्या वरची कामं एकदम घेऊ नका, पण सोडूनही देऊ नका. टाळलेल्या कामाची भीती बसून राहिल्यानं वाढते. आठवड्याला एक, ओळखीच्या गिऱ्हाइकाचं, घाई नसलेलं. आणि स्टार्टरमध्ये सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर नसेल, किंवा ओव्हरलोड रिले (अँपिअर जास्त झाला की मोटार बंद करणारा) नेमप्लेटच्या अँपिअरपेक्षा वर लावलेला असेल, तर बिलावर तसं लिहून त्याची सही घ्या.

प्रश्न : करवीर तालुक्यात पंप फिटिंग आणि दुरुस्ती करतो. जून ते सप्टेंबर हाताला काम नसतं. उधारी अडकलेली. शटर उघडून बसलं की वाटतं, आपलं काय चालायचं न्हाई, शिरोली एमआयडीसीत नोकरी धरावी. काय करू?

उत्तर : पावसात शेतीपंप बंद असतात, त्यामुळं तुमचं दुकान थंड पडतं. याचा तुमच्या कसबाशी संबंध नाही. नोकरीचा निर्णय जुलैत घेऊ नका. मार्चअखेर बारा महिन्यांची जमा आणि खर्च समोर ठेवून घ्या. आकडा तेव्हाही तुटीचा निघाला तर नोकरी जरूर धरा, त्यात कमीपणा काहीच नाही.

हिशेब असा मांडा. घर आणि दुकान मिळून महिन्याला 44,000 लागतात आणि पावसाळ्यात 20,000 येतात असं धरू. चार महिन्यांची तूट 96,000. ती उरलेल्या आठ महिन्यांत वाटली तर महिना 12,000 बाजूला पडायला हवेत, वेगळ्या खात्यात. तेवढे निघत नसतील तर तुमचा दर कमी आहे, किंवा उधारी फार आहे.

उधारी मागायची वेळ ऊसबिलाशी बांधा. कायद्यानं ऊस घातल्यापासून चौदा दिवसांत एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दर, द्यायची असते; प्रत्यक्षात उशीर होतो. म्हणून तोड कधी झाली ते वहीत नावापुढे लिहा आणि बिल जमा होण्याच्या सुमाराला जा. ऑगस्टमध्ये मागायला गेलात तर समोरच्याकडेही नसतात, आणि रिकाम्या हातानं परतलं की मन आणखी खचतं. कारखानदाराकडे उधारी असेल तर आधी उद्यम नोंदणी (लघुउद्योगांची सरकारी नोंदणी) करा, ती मोफत आहे. नोंदणीनंतरच्या कामाचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त 45 दिवसांत, करार नसल्यास 15 दिवसांत द्यावे लागतात.

रिकाम्या महिन्यांत पुराची तयारी करा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43. पाणी 39 कडे सरकायला लागायच्या आतच नदीकाठच्या मोटारी वर काढायचं काम आधी बोलून, दर ठरवून घ्या. बुडालेली प्रत्येक मोटार रिवायंड करावी लागत नाही. खोलून स्वच्छ पाण्यानं गाळ धुवा, बेअरिंग बदला, 80-90 अंशांवर वाळवा. शंभरच्या वर सुरुवातीलाच नेलंत तर आतल्या वाफेनं इन्सुलेशन फुटतं. दर तासाला मेगर घ्या : रीडिंग आधी उतरतं, त्याला घाबरू नका, मग चढतं आणि स्थिर होतं. काही तास स्थिर आणि पाचच्या बरंच वर राहिलं की झालं. शेतकऱ्याचे पैसे वाचतात आणि तो पुढच्या वर्षी तुमच्याकडेच येतो. पाण्यानं भरून चालणाऱ्या सबमर्सिबलची तार वेगळी असते, तिला ही भट्टी लावू नका.

प्रश्न : आमचे मालक सुतारकाम करतात. तीन आठवडे झाले, झोपत नाहीत, जेवत नाहीत, पटाशीला हात लावत नाहीत. 'माझ्यामुळं सगळ्यांना त्रास' म्हणतात. काम मिळालं की बरं होईल का?
– कसबा बावड्याहून एक भगिनी

उत्तर : ताई, कामाची वाट बघू नका. दोन आठवड्यांच्या वर झोप-भूक गेलेली, आवडीच्या कामातून मन उडालेलं आणि आपण ओझं झालोय ही भाषा, हे मंदीचं दुःख नव्हे, आजाराची लक्षणं आहेत आणि त्यावर उपचार आहेत. त्यांना शांतपणे, थेट विचारा, 'जीव द्यावा असं मनात येतं का?' विचारल्यानं तसं डोक्यात भरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. हो म्हणाले तर एकटं सोडू नका, औषधं-फवारणीची विषारी द्रव्यं घरातून हलवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात न्या. टेली मानसचा 14416 हा क्रमांक चोवीस तास, मोफत आहे, मराठीत बोलता येतं. कोल्हापुरात सीपीआर या सरकारी रुग्णालयात मानसोपचार तज्ज्ञ आहेत. पहिल्या भेटीला तुम्ही सोबत जा, आणि गेल्या आठवड्यात ते रोज किती तास झोपले, काय जेवले, ते कागदावर लिहून न्या. डॉक्टरांसमोर ते 'काय न्हाई, बरा आहे' म्हणतील, तेव्हा तो कागद पुढे करा.