सूर्य शिकून पोट भरतं काय?

प्रश्न: लेक बेळगावात पीयूसी सेकंडला (बारावीला) आहे, सायन्स. दहावीपर्यंत मराठी माध्यम. म्हणते, सूर्यावरच्या लाटा आणि चुंबकीय क्षेत्र शिकायचंय. भाऊबंद विचारतात, सूर्य शिकून पोट भरतं काय?
– एक वडील, खानापूर तालुका

दादा, पोटाचं आधी सांगतो. एमएस्सीनंतरच्या नेट परीक्षेत जेआरएफ (संशोधनासाठीची फेलोशिप) मिळाली की पीएचडीच्या सुरुवातीलाच महिना ३७,००० रुपये मिळतात. पण तिथवर पोचायला पदवी-एमएस्सीची पाच वर्षं, पुढं पीएचडीची पाचेक. कायमच्या जागा थोड्याच. हे घरात आत्ताच बोलून घ्या.

पोरीनं धरलेलं कोडं मात्र जबरदस्त आहे. चुलीपासून मागं सरकलं की धग कमी होते. सूर्याचं उलटंच. पृष्ठभाग साधारण ५,५०० अंश आणि त्याच्या वरचा करोना, म्हणजे सूर्याच्या वातावरणाचा सगळ्यात बाहेरचा विरळ थर, १० लाखांच्या पुढं! ही उष्णता वर नेतं कोण? ताणलेली तार छेडावी तशा चुंबकीय रेषा थरथरतात आणि त्या लाटा ऊर्जा वर नेतात, हे एक उत्तर. अशा लाटा असणार हे स्वीडनचे शास्त्रज्ञ आल्फव्हेन यांनी १९४२ मध्येच मांडलं होतं. १९७० ला त्यांना नोबेल मिळालं. दुसरं उत्तर, रेषा गुंततात, तुटून पुन्हा जुळतात आणि बारीक बारीक स्फोट होतात. वाद मिटलेला नाही, म्हणून तर काम शिल्लक आहे.

सूर्य अभ्यासायला पाठवलेल्या भारताच्या आदित्य-एल१ यानावरची करोना पाहणारी दुर्बीण बेंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेनं केली, अतिनील किरणांची पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेनं. रात्री बेळगावात गाडीत बसलं की सकाळी यातलं कुठलंही गाव!

यंदा आयसर या विज्ञानसंस्थांची प्रवेश परीक्षा, आयएटी, द्यायला लावा. नाही जमली तर बेळगावात किंवा धारवाडला फिजिक्स-मॅथ्स घेऊन बीएस्सी, मग एमएस्सीच्या प्रवेशासाठी जॅम परीक्षा. सोबत पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकू दे. या विषयात दुर्बिणीपेक्षा कॉम्प्युटरपुढंच जास्त बसावं लागतं.

मराठी माध्यमाची धास्ती नको. सर ‘मोमेंटम’ म्हणतात तो आपला संवेगच, हे कळायला मला आठवडा लागला होता. एवढंच.

आणि तिला एक काम सांगा. कौलांच्या फटीतून घरात कवडसा पडतो ना? फट वेडीवाकडी, तरी कवडसा गोल. ते सूर्याचंच चित्र असतं. किरणाला आडवा कागद धरून त्याचा व्यास मोजायचा, फटीपासूनचं अंतर मोजायचं आणि अंतराला व्यासानं भागायचं. उत्तर १०७ च्या आसपास यायला हवं. तेवढंच का, हे तिनं मला लिहून पाठवावं.