करक्युमिन ८० टक्क्यांपाशी अडकतंय, सॉल्व्हंट बदलू का?

तुमची अडचण मी समजलो ती अशी: हळदीच्या अर्कातलं कच्चं करक्युमिन, म्हणजे हळदीचं पिवळं रंगद्रव्य, तुम्ही गरम आयसोप्रोपॅनॉल या सॉल्व्हंटमध्ये (विरघळवणाऱ्या द्रवात) विरघळवता, गाळता, वरून थोडं पाणी घालता आणि भांडं रात्रभर फ्रिजमध्ये ठेवता. सकाळी भरपूर माल मिळतो. स्पेक्ट्रोफोटोमीटर ९५ टक्के दाखवतो, पण एचपीएलसीवर, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर, करक्युमिनचा आकडा ८० च्या पुढे सरकत नाही. म्हणून आता इथाइल ॲसिटेट घ्यावं की ॲसिटोन, असा तुमचा प्रश्न आहे.

स्फटिकीकरणाच्या प्रक्रिया बसवणं हेच माझं काम आहे, त्यामुळे स्पष्टच सांगतो: सॉल्व्हंट तूर्त आहे तोच राहू द्या. आधी पाणी आणि फ्रिज या दोन गोष्टी बंद करा.

दोन आकड्यांचा घोळ आधी मिटवू. हळदीत करक्युमिन एकटं नसतं. त्याच्यासोबत डिमेथॉक्सीकरक्युमिन (डीएमसी) आणि बिसडिमेथॉक्सीकरक्युमिन (बीडीएमसी) अशी दोन भावंडं असतात. करक्युमिनच्या रेणूवर दोन मेथॉक्सी गट असतात, डीएमसीवर एक आणि बीडीएमसीवर एकही नाही. बाकी सांगाडा तोच. तिघंही ४२५ नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश शोषतात, म्हणून स्पेक्ट्रोफोटोमीटर तिघांची बेरीज सांगतो. तुमचे ९५ टक्के हे एकूण करक्युमिनॉइड्स आहेत. बाजारातल्या मालात त्या बेरजेपैकी साधारण तीन चतुर्थांश किंवा थोडं जास्त करक्युमिन, बाकी बहुतांश डीएमसी आणि थोडं बीडीएमसी असतं. म्हणजे तुम्ही रेझिन आणि तेल छान काढलंय, भावंडं वेगळी करायचं काम अजून सुरूच झालेलं नाही. यापुढे प्रत्येक नमुन्यात एचपीएलसीच्या आलेखावरचे तिघांचे पीक (उंचवटे) वेगवेगळे नोंदवा. बेरजेवर विसंबलात तर प्रक्रिया सुधारतेय की बिघडतेय तेच कळणार नाही.

पाणी का नको? कारण ते तिघांनाही खाली बसवतं. तिघंही पाण्यात जवळजवळ अविद्राव्य आहेत, त्यामुळे यील्ड, म्हणजे मिळणारा माल, वाढतं आणि निवड संपते. शिवाय पाणी भसकन ओतलं की स्फटिकांऐवजी आधी तेलकट थेंब सुटतात. ते थेंब अशुद्धी पोटात घेऊन घट्ट होतात. काचेला चिकटणारा, गाळताना फिल्टर चोंदवणारा थर कधी दिसला असेल, तर तो बहुधा हाच.

आता फ्रिज. खरी मेख इथे आहे. डीएमसी आणि बीडीएमसी द्रावणात असले की करक्युमिनची केंद्रकनिर्मिती, म्हणजे पहिले सूक्ष्म स्फटिक तयार होणं, लांबतं. द्रावण थंड होत जातं, अतिसंपृक्तता, म्हणजे मावेल त्यापेक्षा जास्त विरघळलेला माल, वाढत जाते, तरी काहीच दिसत नाही. आणि मग एका क्षणी सगळं एकदम गढूळ होतं. त्या काही मिनिटांत लाखो बारीक सुया जन्मतात, एकमेकींत गुंततात आणि मधल्या फटींत मदर लिकर, म्हणजे स्फटिकांभोवती उरलेलं द्रावण, कोंडतात. वाढ इतकी घाईची असते की चुकीचा रेणू पृष्ठभागावर बसला तरी त्याला सुटून परत द्रावणात जायला उसंतच मिळत नाही. भावंडांचा आकार इतका सारखा की ती स्फटिकाच्या जाळीत सहज खपून जातात. त्यातही डीएमसी जास्त चिवट, कारण फरक एकाच गटाचा आहे. बीडीएमसी तुलनेने लवकर पिच्छा सोडतं.

उपाय म्हणजे सीडिंग (तयार स्फटिकांचं बीज घालणं) आणि सुरुवातीला अगदी सावकाश थंड करणं. आधी तुमच्या कच्च्या मालाचं द्रावण कोणत्या तापमानाला संपृक्त होतं आणि आपोआप गढूळ कधी होतं, हे दोन आकडे काढा. शुद्ध करक्युमिनचे आकडे पुस्तकातून उचलू नका, अशुद्धीमुळे ते बदलतात. या दोन तापमानांच्या मध्ये, पण संपृक्ततेच्या बाजूला, बीज घाला. विरघळलेल्या मालाच्या वजनाच्या १ ते २ टक्के पुरतं. बीज तुमच्या मालापेक्षा शुद्ध आणि करक्युमिनच्या स्थिर रूपाचं, म्हणजे फॉर्म १ चं असावं. बारीक करून चाळलेलं असावं. कोरडं टाकलं तर वर तरंगतं, म्हणून थोड्या संपृक्त आयसोप्रोपॅनॉलमध्ये कालवून घाला. घातल्यावर तासभर तापमान तिथेच धरा. बीज विरघळून गेलं तर तुम्ही संपृक्ततेच्या तापमानाच्या वर आहात, थोडं खाली या.

त्यानंतरचा उतार सरळ रेषेत नको. सुरुवातीला स्फटिकांचा एकूण पृष्ठभाग कमी असतो, त्याला झेपेल तेवढंच थंड करायचं. यासाठी घनफळी वक्र वापरतात: उताराच्या एकूण वेळेचा जेवढा हिस्सा गेला त्या हिश्श्याचा घन करायचा, आणि तापमानाच्या एकूण उताराचा तेवढाच हिस्सा खाली यायचं. समजा ६० अंशांवरून १० अंशांवर १० तासांत यायचंय. पहिल्या ५ तासांत फक्त सव्वासहा अंश उतरायचं. ८ तासांनी तुम्ही साधारण ३४ अंशांवर असता आणि उरलेले २४ अंश शेवटच्या २ तासांत जातात. प्रोग्रॅम करता येणारा सर्क्युलेटर (भांड्याचं तापमान राखणारं यंत्र) नसेल तर चार-पाच पायऱ्यांत हाताने करा, तेवढ्यानेही फरक दिसतो. ढवळणं मंद ठेवा. सुया तुटल्या की प्रत्येक तुकडा नवं बीज होतो.

आणि १० अंशांपर्यंत जायलाच हवं असं नाही. जसजसं करक्युमिन खाली बसतं तसतसं मदर लिकरमध्ये भावंडांचं प्रमाण वाढत जातं, त्यामुळे शेवटच्या काही अंशांत मिळणारा माल सर्वात घाणेरडा असतो. माझ्या मते शुद्धता हवी असेल तर वीसच्या आसपास थांबावं आणि थोडं यील्ड सोडून द्यावं. वरिष्ठांना हे पटवणं रसायनशास्त्रापेक्षा अवघड जातं, ते वेगळं.

धुण्याकडे बहुतेक जण काणाडोळा करतात. समजा ५० ग्रॅम स्फटिकांच्या ओल्या केकमध्ये, म्हणजे फिल्टरवर उरलेल्या थरात, ५० ग्रॅम मदर लिकर अडकलंय, त्यात दर ग्रॅमला २० मिलिग्रॅम ऐवज विरघळलेला आहे आणि त्यातला निम्मा अशुद्धीचा आहे. वाळवलं की सॉल्व्हंट उडतो आणि अर्धा ग्रॅम अशुद्धी स्फटिकांवरच सुकते. म्हणजे जवळजवळ १ टक्का शुद्धता फुकट गेली. केकला भेगा पडायच्या आत थंड, ताज्या आयसोप्रोपॅनॉलने दोनदा धुवा. भेगा पडल्यावर धुतलं तर सॉल्व्हंट भेगांतून निघून जातो, केक तसाच राहतो.

एवढं करूनही आकडा अडला तर अशुद्धी नेमकी कुठे बसलीय ते शोधा. थोडा कोरडा माल घेऊन नुसता धुवा. एचपीएलसी सुधारला तर ती पृष्ठभागावर होती. नाही सुधारला तर हलक्या हाताने खलून पुन्हा धुवा. आता सुधारला तर सुयांच्या फटींत कोंडलेलं द्रव आहे, म्हणजे वाढ अजूनही घाईची होतेय. तरीही ढिम्म असेल तर डीएमसी जाळीतच शिरलंय. मग दुसऱ्यांदा, गरज पडली तर तिसऱ्यांदा स्फटिकीकरण करण्यावाचून गत्यंतर नाही. ९५ च्या वर शुद्ध करक्युमिन एका फेरीत काढून देतो असं कुणी म्हणालं, तर तो बेरजेचा आकडा सांगतोय का ते आधी तपासा.

मदर लिकर जसंच्या तसं पुढच्या बॅचमध्ये फिरवू नका. त्यात डीएमसी साठत जातं आणि काही बॅचनंतर केंद्रकनिर्मिती आणखी लांबते.

करक्युमिन प्रकाशात आणि अल्कलीत खराब होतं. भांडी फॉइलने झाका, आणि अल्कली साबणाने धुतलेली काच नीट खळबळून घ्या. द्रावण कुठे लालसर झालं तर तिथे अल्कली आहे असं समजा. व्हॅक्यूमखाली ४० ते ५० अंशांना वाळवा. आयसोप्रोपॅनॉल आयसीएच या औषधनियमांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या यादीत तिसऱ्या वर्गात येतं, अवशेषाची मर्यादा ५००० पीपीएम (दशलक्ष भागांत ५०००) आहे.

सीडिंग केलेल्या बॅचचे धुण्याआधीचे आणि नंतरचे क्रोमॅटोग्राम (एचपीएलसीचे आलेख) इथे टाका. इथाइल ॲसिटेटचा विचार करायची वेळ आलीच, तर ती त्यावरून कळेल.